दावं आणि खुंटा: विषय न सोडता बोलायचं आणि लिहायचं कसं

जनावर मोकळं सोडायचं नसेल तर कास्तकार वावराच्या कडेला खुंटा ठोकतो आणि दाव्यानं ते बांधतो. दावं दहा हात असेल तर दहा हातांच्या घेरात ते खुशाल चरतं. खुंटा ढिला निघाला की शेजाऱ्याची तूर गेलीच म्हणून समजा. बोलण्या-लिहिण्याचंही असंच आहे. इकडचं तिकडचं बोलणं हा गुन्हा नव्हे. पण खुंटा न ठोकताच बोलायला उभं राहिलं, की ऐकणाऱ्याचा वेळ जातो आणि आपलं काम होत नाही.

ग्रामसभेत पहिल्यांदा उभं राहणारे, तहसीलचा अर्ज पहिल्यांदाच स्वतःच्या हातानं लिहिणारे, बचत गटाच्या नव्या सचिव आणि गावच्या कार्यक्रमात अचानक हाती माईक आलेले, अशांसाठी हे लिहिलं आहे. साहित्य फार लागत नाही: कोरा कागद, पेन, आवाज रेकॉर्ड होणारा मोबाइल आणि मूठभर तुरीचे दाणे. दाण्यांचं काम लगेचच येतं.

आपण कुठे भरकटतो, ते आधी शोधा

घरातल्या एका माणसाला समोर बसवा. त्याच्या हातात तुरीचे दाणे आणि पुढ्यात स्टीलची वाटी ठेवा. मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करून एकाच विषयावर तीन मिनिटं बोला, उदाहरणार्थ "आमच्या वावराचा रस्ता". तुम्ही मूळ रस्ता सोडून फाट्याला वळलात की समोरच्यानं वाटीत एक दाणा टाकायचा. काही म्हणायचं नाही, हसायचं नाही. टण्ण आवाज आला की आपल्यालाच कळतं. मग रेकॉर्डिंग ऐका आणि प्रत्येक दाणा कोणत्या शब्दावर पडला ते लिहून काढा. पहिल्या दिवशी वाटीचा तळ झाकला तरी वाईट वाटून घेऊ नका. आपली खोड कोणती, एवढंच या खेळातून पाहायचं असतं. खोडी साधारण चार.

पहिली नमनाची. "व्यासपीठावर उपस्थित" इथून सुरुवात होते आणि माजी सरपंचांपर्यंत सगळ्यांची नावं घेऊन होईतो निम्मा वेळ सरतो. नमनाला घडाभर तेल म्हणतात ते हेच. यावर उपाय सोपा. "सरपंचताई, ग्रामसेवक साहेब आणि गावकरी मंडळी" एवढं म्हणा आणि पुढच्या श्वासात कामाचं बोला. कोणी रुसत नाही. नाव घ्यायचं राहिलेला एखादा रुसलाच, तर तो नाव घेऊनही रुसला असता.

दुसरी खोड म्हणजे जे ज्या क्रमानं घडलं त्याच क्रमानं सांगणं. ती अर्जात सगळ्यांत जास्त दिसते, म्हणून तिच्याकडे पुढे सविस्तर येऊ.

तिसरी, शब्दावरून शब्द. "विहिरीचं काम अर्धवट हाय. तो ठेकेदार तं आपल्या पाटलाचा साळा. त्याच्या पोरीचं लगन झालं ना मागच्या उन्हाळ्यात, काय पाऊस आला होता राजेहो त्या दिवशी!" विहीर तिथेच राहिली आणि पंगतीत पाणी शिरलं. "त्याच्यावरून आठवलं", "आता इषय निंघालाच तं", "तसं पाह्यलं तं" हे शब्द स्वतःच्या तोंडून ऐकू आले, की पुढचा दाणा पडणार हे नक्की.

चौथी खोड भिडेची. उसने पैसे मागायचे असतात, थकलेली मजुरी मागायची असते, आणि माणूस बोंडअळीवर वीस मिनिटं बोलतो. याला कागदाचा उपयोग नाही. मागणीचं वाक्य घरीच पाच वेळा मोठ्यानं म्हणून जा. जीभ एकदा त्या वाक्यावरून फिरून आलेली असली, की समोर अडखळत नाही.

एक गोष्ट यात मोडत नाही, पण सांगायलाच हवी. नेहमी नीट मुद्द्याचं बोलणारं माणूस एकाएकी असंबद्ध बोलायला लागलं, शब्द सापडेनात, जीभ जड वाटली, तर ती खोड समजू नका. मेंदूतला रक्तपुरवठा अडला असेल किंवा साखर उतरली असेल. उद्यावर न टाकता त्याच क्षणी गाडी काढा आणि दवाखाना गाठा.

खुंटा ठोकायचा म्हणजे एक वाक्य लिहायचं

बोलणं असो की लिहिणं, आधी कागदावर एकच वाक्य लिहा. कोणी, काय करावं, कुठे आणि केव्हापर्यंत, ही चारही उत्तरं त्यात हवीत. शब्द पंधराच्या आसपास. वीसच्या वर गेले तर त्यात दोन कामं मिसळली आहेत असं समजा.

"डीपीच्या समस्येबाबत" हे वाक्यच नाही. "महावितरणनं हनुमान मंदिराजवळच्या डीपीचा जळालेला ट्रान्सफॉर्मर हरभऱ्याच्या पहिल्या ओलिताआधी बदलून द्यावा" हा खरा खुंटा. अर्जात ओलिताच्या जागी तारीख घाला, कारण साहेबांच्या टेबलावर हरभरा उगवत नाही.

अर्जाच्या "विषय" ओळीत आपण शेवटी "बाबत" लिहितोच. लिहा, हरकत नाही. फक्त त्याच्याआधी क्रियापद येऊ द्या. "रस्त्याबाबत" लिहिलं तर खाली काहीही लिहायची मुभा मिळते. "रस्त्यावरील अडथळा दूर करून मिळणेबाबत" लिहिलं की खालचा मजकूर आपोआप आवळला जातो. भरकटलेला अर्ज ओळखायचा असेल तर आधी हीच ओळ पाहावी. बहुतेक वेळा रोग तिथेच सापडतो.

बोलण्याची ही शिस्त काही बाहेरून आलेली नाही, विदर्भाच्याच मातीतली आहे. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर हे महानुभावांचं मोठं ठिकाण. मराठी भाषा विद्यापीठही आता तिथेच आहे. महानुभाव पंथातल्या केशिराजबासांनी चक्रधरस्वामींचे दृष्टांत एकत्र केले, तो तेराव्या शतकातला दृष्टांतपाठ. त्याची मांडणी तीन पायऱ्यांची आहे. आधी सूत्र, म्हणजे सांगायचं ते थोडक्यात. मग दृष्टांत, म्हणजे गोष्ट. शेवटी दार्ष्टांतिक, म्हणजे ती गोष्ट सूत्राला कशी लागू पडते ते. आपली पंचाईत बहुधा तिसऱ्या पायरीवर होते. गोष्ट रंगवून सांगतो, लोक हसतात, आणि आपण पुढच्या गोष्टीकडे जातो. दार्ष्टांतिक राहून गेलं, म्हणजे गोष्टीचं विषयांतर झालं. यावरून एक पक्की कसोटी मिळते: कोणतीही गोष्ट, आठवण, म्हण सांगितल्यावर "म्हणून मी म्हणतो की" असं म्हणून पुढे आपलं सूत्र जोडून पाहा. वाक्य जुळलं तर गोष्ट ठेवा. ओढूनताणून जुळवावं लागलं तर गाळा, ती कितीही चांगली असली तरी.

अर्ज: आजोबा कुठे बसवायचे

आता ती दुसरी खोड, घडलं त्या क्रमानं सांगण्याची. वावराचा रस्ता अडवल्याची तक्रार बऱ्याचदा अशी लिहिली जाते:

"महोदय, माझे आजोबा या गावात आले तेव्हापासून आमचे कुटुंब सदर शेती कसत आहे. त्यांनी मोठ्या कष्टाने विहीर खोदली. यंदा अतिवृष्टीने सोयाबीन गेले व त्याचे अनुदान अद्याप मिळालेले नाही. शेजारील शेतकरी स्वभावाने तापट असून त्याने मागील निवडणुकीतही वाद घातला होता. त्याने रस्ता अडवला आहे. गावाला एसटीही वेळेवर येत नाही. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती."

यातला कामाचा मजकूर चार शब्दांचा: "त्याने रस्ता अडवला आहे." कोणता रस्ता, कोणत्या गटातून, कशानं अडवला आणि कोणत्या तारखेला, यातलं काहीच नाही. "योग्य ती कार्यवाही" म्हणजे काय, हे वाचणाऱ्यानं ठरवायचं. आणि ज्यानं ठरवायचं त्याला योग्य वाटणारी सर्वांत सोपी कार्यवाही म्हणजे अर्ज दप्तरी लावणं.

असा अर्ज दुरुस्त करायचा तर मनात आलेलं सगळं आधी एका कागदावर ओता. ओतताना अडवू नका, राग आला असेल तर शिव्याही लिहा. हा कागद घराबाहेर जाणार नाही. मग प्रत्येक वाक्यापुढे खूण करा. सूत्रासाठी लागणारंच असेल त्याला बरोबरची खूण. खरं आहे, पण दुसऱ्या कार्यालयाचं काम आहे, त्याला गोल. नुसताच राग किंवा स्वभाववर्णन असेल त्याला काट. वरच्या अर्जात अनुदान आणि एसटी या दोघांना गोल मिळेल. त्यांचे अर्ज वेगळे, कार्यालयंही वेगळी. तापट स्वभाव आणि निवडणूक यांना काट.

आजोबांना मात्र काटू नका. रस्ता जुन्या वहिवाटीचा आहे हे दाखवायला तेच तर कामाचे. ते फक्त चुकीच्या जागी, अगदी पहिल्या ओळीत, कारणाशिवाय येऊन बसले होते. नवशिक्यांच्या लिखाणात ज्याला विषयांतर म्हणून झोडपलं जातं, ते पुष्कळदा असं जागा चुकलेला पुरावा असतो. म्हणून काट मारण्याआधी प्रत्येक वाक्याला विचारा: तू कशाचा पुरावा आहेस?

दुरुस्त अर्जाचा गाभा असा होईल: "गट नंबर अमुकमधील माझ्या शेतात जाण्याचा वहिवाटीचा रस्ता गट नंबर तमुकच्या पूर्व धुऱ्यावरून (बांधावरून) आहे. आजोबांच्या काळापासून तो बंडीसाठी (बैलगाडीसाठी) वापरात आहे. अमुक तारखेला तमुक गटाच्या धारकांनी त्यावर काटेरी तारेचे कुंपण घातले. त्यामुळे बंडी व ट्रॅक्टर जात नाही व वेचलेला कापूस डोक्यावरून आणावा लागतो. सदर कुंपण काढून रस्ता पूर्ववत खुला करून द्यावा." खाली जोडपत्रांची यादी: सातबारा, गाव नकाशा, कुंपणाचे फोटो, साक्षीदारांची नावं.

तारखेवर एवढा भर देण्याचं कारण आहे. असलेल्या रस्त्यातला अडथळा काढण्याचा दावा तहसीलदारांकडे मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली चालतो आणि अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत तो दाखल करावा लागतो. रस्ता मुळातच नसेल आणि धुऱ्यावरून नवा मागायचा असेल, तर मार्ग वेगळा: महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम १४३. एकाच अर्जात "रस्ता अडवला" आणि "रस्ता द्यावा" असं दोन्ही मिसळलं, की तो कोणत्या कलमाखाली चालवायचा इथूनच गोंधळ सुरू होतो. तो निस्तरेपर्यंत सहा महिने उलटले तर आजोबांच्या कष्टांचं कितीही वर्णन करून उपयोग नाही.

माहिती अधिकारात तर विषय सोडण्यावर नियमाचंच कुंपण आहे. महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार एका अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर साधारणपणे १५० शब्दांच्या वर जाऊ नये. दोन-तीन विषय घातले तर माहिती अधिकारी पहिल्याच विषयाचं उत्तर देऊन बाकीच्यांसाठी वेगळे अर्ज करायला सांगू शकतो. म्हणजे रोजगार हमीची हजेरी, घरकुलाची यादी आणि नालीचं बिल एकाच कागदावर मागितलं, तर दहा-दहा रुपयांची दोन कोर्ट फी तिकिटं वाचतात आणि तीस दिवस जातात. तीन अर्ज करा, तीन तिकिटं लावा.

ग्रामसभेत उभं राहताना

आपल्याकडे ग्रामसभा बहुतेक २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास लागतात. नोटीस लागली की विषयपत्रिका वाचा आणि आपलं काम कोणत्या क्रमांकाखाली बसतं ते पाहा. बसत नसेल तर आधी लेखी देऊन ते विषयपत्रिकेत घालून घ्यायचा प्रयत्न करा. तेही जमलं नाही तर शेवटच्या "अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय" यात ते येऊ शकतं. पाणीपुरवठ्याचा विषय चालू असताना मधेच घरकुलाचं काढलं, तर तुमचं म्हणणं खरं असूनही तुम्हीच खाली बसवले जाता आणि त्याला कोणाचा इलाज नसतो.

सावकाश बोललं तर मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात. तीन मिनिटं मिळाली तर तीनशे शब्द. तेवढ्यात एकच काम मावतं, दोन नाहीत. पहिल्या दोन वाक्यांत मागणी. मग कारण, त्यात एखाद-दोन आकडे: किती घरांना पाणी येत नाही, किती दिवसांपासून. मग एकच उदाहरण. शेवटी तीच मागणी, त्याच शब्दांत. पूर्ण भाषण लिहून वाचू नका. मान वर केली की ओळ हरवते, ओळ हरवली की माणूस सुचेल ते बोलतो. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर चार मोठे शब्द लिहा, अंगठा चालू शब्दावर ठेवा.

शब्द तेच ठेवा, हे मुद्दाम सांगणं. वारकरी कीर्तनात बुवा निरूपणाला एक अभंग घेतात. मग पुराणातल्या कथा येतात, चालू काळातले टोमणे येतात, पण टाळकरी पुन्हा पुन्हा ध्रुपद, म्हणजे अभंगाची फिरून येणारी ओळ, उचलतात आणि सगळे मूळ ठिकाणी परत येतात. आपल्या बोलण्यालाही एक ध्रुपद हवं. "टाकीतलं पाणी वॉर्ड तीनमध्ये चढत नाही" हे वाक्य तीन मिनिटांत तीनदा, शब्द न बदलता म्हणा. दुसऱ्यांदा "पाण्याची अडचण" आणि तिसऱ्यांदा "नागरी सुविधांचा अभाव" म्हणालात, तर ऐकणाऱ्याला ती तीन वेगळी गाऱ्हाणी वाटतात. शाळेत निबंधाला शब्द बदलायला शिकवतात. इथे ती शिकवण विसरा.

शेंडगावचे गाडगेबाबा कीर्तनात लोकांना सवाल करत आणि उत्तर लोकांकडूनच घेत. मुद्द्यावर राहण्याची ही जबर युक्ती आहे, कारण उत्तर देणारी माणसं तुम्हाला दुसरीकडे जाऊ देत नाहीत. ग्रामसभेत एखादा प्रश्न असा टाकता येतो: "वॉर्ड तीनमध्ये काल कोणाकडे पाणी आलं? हात वर करा." एकही हात वर आला नाही, की पाच मिनिटांचं भाषण वाचलं. मात्र उत्तर काय येईल याची खात्री असेल तरच विचारा.

हशा आला की जपा. पहिल्या विनोदाला सभा हसली की दुसरा सुचतो, आणि दाव्याची गाठ नेमकी तिथेच सुटते. हशानंतरचं वाक्य ध्रुपदाचंच हवं.

बोलून झालं म्हणजे काम झालं असं नाही. प्रोसिडिंग बुकात, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताच्या वहीत, काय उतरतं ते पाहा. विषय सोडून बोललेल्या माणसाच्या नावापुढे "सविस्तर चर्चा करण्यात आली" एवढंच येतं, कारण लिहिणाऱ्याला दुसरं काही सापडतच नाही. तुमचं सूत्र ठरावाच्या भाषेत आधीच लिहून न्या, सूचक आणि अनुमोदक आधीच बोलून ठेवा, आणि खाली बसायच्या आधी ठराव वाचून दाखवायला सांगा.

सुटलेलं दावं परत बांधणे

कितीही तयारी केली तरी माणूस भरकटतोच. भरकटल्याचं लक्षात आलं की माफी मागत बसू नका. माफीतूनही नवा फाटा फुटतो. मराठीत याच कामासाठी एक जुना शब्द आहे: "असो." तो म्हणा, एक श्वास घ्या आणि ध्रुपदाचं वाक्य उचला. लिहिताना मात्र "असो"चा भरवसा धरू नका. लेखात "असो" लिहावं लागलं, तर त्याच्या वरचा परिच्छेद खोडायचा राहिला असं समजावं. बोललेलं परत घेता येत नाही, लिहिलेलं घेता येतं.

दुसऱ्याला परत आणणं जास्त नाजूक. म्हाताऱ्या माणसाला वाक्याच्या मधे तोडू नका, वाक्य संपू द्या. नातं लावून हाक मारा, त्याचं म्हणणं वहीत लिहिलेलं दाखवा, मगच वळवा: "काकाजी, तुमचं नालीचं म्या हे लिहून ठेवलं. पहिले टाकीचं निपटू, मंग तुमचंच घेऊ." लिहून ठेवलं म्हणालात तर खरंच लिहा आणि खरंच घ्या. एकदा फसवलेला काकाजी पुढच्या सभेत दुप्पट बोलतो. "मुद्द्याचं बोला" हे वाक्य आपल्या गावात कोणाही वडीलधाऱ्याला म्हणू नये. ते बरोबर असलं तरी सभा तुमच्या विरोधात जाते.

बचत गटात हा प्रश्न क्रम बदलून सुटतो. हजेरी, बचत, कर्जाची परतफेड, नवं कर्ज, वहीवर सह्या, हे सगळं आधी. कोणाच्या सुनेचं काय झालं ते नंतर. उलट केलं तर सहा जणी बचत न देताच स्वयंपाकाला उठून जातात आणि हिशेब दुसऱ्या आठवड्यावर पडतो.

मुद्दाम बगल देणाऱ्याची जात वेगळी. तिची ओळख अशी: प्रश्न आकड्याचा असतो आणि उत्तर माणसाबद्दल येतं. "वित्त आयोगाच्या निधीतून नालीवर किती खर्च झाला?" याला उत्तर मिळतं, "मागच्या बॉडीनं काय केलं ते आधी विचारा." मागच्या बॉडीच्या फाट्याला गेलात की संपलं, तिथून परतीची बस नाही. त्यांच्या आरोपाला होही म्हणू नका, नाहीही म्हणू नका. तोच प्रश्न त्याच शब्दांत, आवाज न चढवता, तीन वेळा विचारा. तिसऱ्यांदाही आकडा आला नाही तर "खर्चाची माहिती विचारली असता सभेत देण्यात आली नाही" असं प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्यायला सांगा. इतक्यावर आकडा पुष्कळदा निघतो. न निघाला तर वर सांगितलेलं दहा रुपयांचं तिकीट आहेच.

दावं कुठे सैल सोडायचं

सगळीकडे तीन मिनिटांचं घड्याळ लावणारा माणूस गावात एकटा पडतो. कोणाच्या घरी जाऊन उंबऱ्यातच कामाचं बोलणं हा आपल्याकडे उद्धटपणा समजतात. पाणी, चहा, पाऊसपाणी, लेकरंबाळं हे व्हायलाच हवं. त्याला विषयांतर म्हणायचं कारण नाही.

मोकळ्या चर्चेची जागा आणि निर्णयाची जागा वेगळी ठेवली की दोन्ही नीट चालतात. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावानं ते करून दाखवलं आहे. तिथे विषय समजून घ्यायला अभ्यासगट बसतो, वेगवेगळ्या बाजूंनी बोलणं होतं, आणि निर्णय ग्रामसभा घेते, तोही सर्वसहमतीनं. आपल्या गावात एवढं जमलं नाही तरी ग्रामसभेच्या आठ दिवस आधी पारावर तासभर बसता येतं. फाटे तिथे फोडा. सभेत जाताना कागदावर एक वाक्य असावं, म्हणजे झालं.

सगळ्यांत महत्त्वाचं ठिकाण ऐकणाऱ्याचं आहे. आशाताई, कृषी सहायक, शिक्षक, बँक सखी, जे घरोघर जातात त्यांनी समोरच्याचं विषयांतर तोडण्याची घाई करू नये. कर्जाचं बोलणं पहिल्या वाक्यात कधी येत नाही. माणूस बियाण्याचं विचारायला येतो, पोराच्या फीवर बोलतो, पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, शिव्या घालतो, उठतो, चपला घालतो आणि दारातून म्हणतो, "आता काही अर्थ नाही राह्यला." तेवढ्या एका वाक्यासाठी बाकीचा अर्धा तास होता. अशा वेळी हातातला फॉर्म बाजूला ठेवा, त्याला परत बसवा, मनात काय चाललं आहे ते सरळ विचारा. त्याला एकटं घरी पाठवू नका, घरच्यांना आणि आरोग्य केंद्राला कळवा.

डॉक्टरांसमोर आपण असतो तेव्हा मात्र उलट. ग्रामीण रुग्णालयात रांग मोठी असते. काय होतं, कुठे, कधीपासून आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत, एवढं आधी सांगा. गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. कोणाच्या सांगण्यावरून काय काय करून पाहिलं ते डॉक्टरांनी विचारल्यावर.

लांब लिहिताना

गटाचा वार्षिक अहवाल, शाळेच्या अंकातला लेख, गावाचा इतिहास, असं चार-पाच पानांचं लिहिताना भरकटणं लगेच दिसत नाही, कारण प्रत्येक परिच्छेद आपापल्या जागी बरा वाटतो. त्यासाठी पानाच्या डाव्या बाजूला दोन बोटं समास सोडा. हा कागदाचा धुरा समजा. लिहून झालं की एक रात्र जाऊ द्या. सकाळी प्रत्येक परिच्छेदासमोर धुऱ्यावर तीनच शब्दांत त्याचं सार लिहा. मग मजकूर झाकून फक्त धुरा वाचा. "पाणलोटाचं काम सुरू", "बंधारा पूर्ण झाला", "अध्यक्षांचा वाढदिवस साजरा", "विहिरींची पातळी वाढली". कोणता परिच्छेद उपरा आहे ते सांगावं लागत नाही. तीन शब्दांत सार निघतच नसेल, तर त्या परिच्छेदात दोन विषय आहेत, त्याचे दोन तुकडे करा. आणि लागोपाठ दोन परिच्छेदांसमोर तेच तीन शब्द आले, तर ते विषयांतर नाही, पाल्हाळ आहे. त्यातला एक काढा, शक्यतो आधी लिहिलेला. दुसऱ्यांदा लिहिताना हात जरा बसलेला असतो.

काढलेला मजकूर फेकू नका. वहीच्या शेवटच्या पानावर त्याची एकेक ओळ उतरवून ठेवा: अनुदान, एसटी, नाली, काकाजींनी सांगितलेलं काय ते. पुढच्या ग्रामसभेची नोटीस लागेल त्या दिवशी तेच पान उघडा आणि त्यातली एक ओळ निवडून पंधरा शब्दांचं वाक्य लिहायला बसा.